कूर्चेवर आवरण आहे का, हे आधी बघा

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा आहे आणि कूर्चेचे, म्हणजे कार्टिलेजचे, प्रकार पाठ असूनही कोणती वाढते, कोणती भरून येते हे उमगत नाही. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे बघून ‘गॅप कमी झालाय’ असं सांगितलंय आणि कूर्चा वाढवायच्या गोळ्या लिहून दिल्यात. आणि बारा वर्षांच्या भावाची, सायकलवरून पडून, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडाची लांबी वाढवणारी कूर्चेची पट्टी, दुखावली आहे. तिन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

हायलाइन, इलास्टिक आणि फायब्रो हा कूर्चेच्या तीन प्रकारांचा तक्ता पाठ असू द्या, तोंडी परीक्षेत तो विचारतातच. रुग्णासमोर मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो: या कूर्चेवर पेरिकॉन्ड्रियम आहे की नाही? पेरिकॉन्ड्रियम म्हणजे कूर्चेभोवतीचं आवरण. त्याचा बाहेरचा थर तंतुमय असतो आणि त्यात रक्तवाहिन्या असतात. आतल्या थरात नवी कूर्चा तयार करू शकणाऱ्या पेशी असतात. खुद्द कूर्चेत रक्तवाहिनी नसते, लसिकावाहिनी नसते, मज्जातंतूही नसतो. त्यामुळे तिला खाऊ-पिऊ घालायचं आणि दुरुस्तीला माणसं पाठवायची, ही दोन्ही कामं आवरणाची. नाकाची कूर्चा, श्वासनळीच्या कड्या, बरगड्यांची टोकं, बाहेरचा कान यांना आवरण आहे. सांध्यातल्या कूर्चेला नाही. मणक्यांमधल्या चकतीला आणि गुडघ्यातल्या मेनिस्कसलाही (दोन हाडांमधल्या गादीलाही) नाही. ग्रोथ प्लेटला फक्त कडेने आहे. एवढं डोक्यात बसलं की निम्मा विषय संपला.

आता रचना. कूर्चेत पेशी फार थोड्या. मोठ्या माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत त्या एकूण आकारमानाच्या जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास असतात. या कॉन्ड्रोसाइट पेशी आपापल्या पोकळीत, म्हणजे लॅक्युनात, बसलेल्या असतात आणि ऑक्सिजन कमी असतानाही तग धरतात. बाकी सगळा पसारा त्यांनीच तयार केलेल्या मॅट्रिक्सचा, म्हणजे पेशींभोवतीच्या भरणाचा. त्यात ६५ ते ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्य हिस्सा टाइप २ कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा, आणि त्याच्या जाळीत अडकलेले प्रोटिओग्लायकनचे, म्हणजे शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांचे, अवाढव्य रेणू. त्यातला प्रमुख ॲग्रेकन. त्याच्या मधल्या प्रथिनावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभराच्या घरात साखळ्या असतात आणि असे कित्येक ॲग्रेकन हायलुरोनिक आम्लाच्या एका लांब धाग्याला लटकलेले असतात. या साखळ्यांवर ऋण भार असतो, तो सोडियम ओढतो आणि सोडियममागे पाणी येतं. कूर्चा त्यामुळे सतत फुगायला बघते आणि कोलॅजनची जाळी तिला फुगू देत नाही. कूर्चेचा कणखरपणा या ओढाताणीतून येतो. जाळी सैल झाली की पाणी आधी वाढतं आणि कूर्चा मऊ पडते. झिजेची सुरुवात ही अशी असते; ‘कूर्चा सुकली’ असं सर्रास म्हणतात, पण पहिल्या टप्प्यात घडतं ते याच्या उलट.

ओझं पडलं की पहिल्या क्षणी ते आतलं पाणीच पेलतं, ९० टक्क्यांहून जास्त. मग पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि ओझं काढलं की परत आत येतं. या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर, आणि नुसत्या विसरणानेही (डिफ्यूजननेही), सांध्यातल्या द्रवातून पोषण पेशींपर्यंत पोहोचतं. म्हणून दुखऱ्या सांध्याला महिनोन्‌महिने पूर्ण विश्रांती देणं चुकीचं. प्लास्टरमध्ये सहा-आठ आठवडे राहिलेल्या गुडघ्यात कूर्चेतला ॲग्रेकन कमी होतो. सांधा पुन्हा हळूहळू चालता केला की तो बराचसा भरून येतो, एकदम धावायला लावलं तर नाही. फिजिओथेरपीत तुम्हाला हे रोज लागेल.

सांध्यातल्या कूर्चेची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिमी असते, गुडघ्याच्या वाटीमागे ५ मिमीच्या आसपास, घोट्यात त्याहून बरीच कमी. एवढ्याशा जाडीत चार थर आहेत. सगळ्यात वरच्या थरात, जाडीच्या १० ते २० टक्क्यांत, पेशी चपट्या आणि कोलॅजन पृष्ठभागाला समांतर. हा थर घासण्याला आणि बाजूने ओढल्या जाण्याला तोंड देतो, आणि ल्युब्रिसिन नावाचं वंगणाचं प्रथिनही इथल्या पेशी तयार करतात. मधला थर सगळ्यात जाड, त्यात तंतू तिरपे आणि विस्कळीत. खोल थरात पेशी एकाखाली एक रांगेत आणि तंतू उभे. त्याखाली टाइडमार्क नावाची निळसर रेघ, मग चुनखडलेली कूर्चा आणि मग हाड. उभे तंतू टाइडमार्क ओलांडून चुनखडलेल्या कूर्चेत रुतलेले असतात, म्हणून कूर्चा हाडावरून सहज सोलून निघत नाही. आकृती काढताना तंतूंची ही बदलती दिशा दाखवा. नुसते गोल काढून ‘पेशी’ लिहिलं की गुण जातात.

आता परीक्षेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडबद्दल. हायलाइनसाठी बहुधा श्वासनळीची स्लाइड ठेवतात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगात मॅट्रिक्स निळसर-जांभळं आणि एकसंध दिसतं. तंतू असतात, पण ते फार बारीक आणि त्यांचा अपवर्तनांक मॅट्रिक्सइतकाच, त्यामुळे दिसत नाहीत. लॅक्युनांभोवती रंग गडद असतो, कारण ताजं प्रोटिओग्लायकन तिथे जास्त. दोन-चार पेशी एकत्र गटाने दिसल्या तर तो आयसोजिनस गट, म्हणजे एकाच पेशीची प्रजा. इलास्टिक कूर्चा साध्या रंगात हायलाइनसारखीच भासते आणि मुलं हमखास इथे फसतात. व्हर्‌होफ किंवा ऑर्सीनने रंगवल्यावर काळ्या-तपकिरी इलास्टिक तंतूंचं जाळं लख्ख दिसतं. फायब्रोकार्टिलेज आणि टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) यांच्यात गोंधळ झाला तर केंद्रकं बघा. टेंडनमध्ये ती तंतूंमध्ये दाबली गेलेली, चपटी असतात. फायब्रोकार्टिलेजमध्ये गोलसर पेशी लॅक्युनात, रांगेने, आणि भोवती थोडं निळसर मॅट्रिक्स. फायब्रोकार्टिलेजमध्ये टाइप २ सोबत टाइप १ कोलॅजन भरपूर असतं आणि आवरण नसतं.

इलास्टिक कूर्चा कुठे? बाह्यकर्ण, बाहेरच्या कर्णनलिकेचा कूर्चेचा भाग, घसा आणि मधला कान जोडणारी युस्टेशियन नळी, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) आणि स्वरयंत्रातल्या काही बारीक कूर्चा. यादी लहान आहे. व्यवहारात मात्र सगळ्यात जास्त हाल होतात ते बाह्यकर्णाचे, आणि आवरणाचं महत्त्व तिथेच स्पष्ट कळतं.

कानाच्या खालच्या लोंबत्या भागात कूर्चा नसते, नुसती त्वचा आणि चरबी. कुडी तिथे घालतात, तिथली जखम सहसा सहज बुजते. बुगडी आणि भिकबाळी मात्र वरच्या भागात, थेट कूर्चेतून जातात. ढोल-ताशा पथकांमुळे भिकबाळीची हौस परत आली आहे, आणि गणपतीच्या आधी कान टोचून घेणाऱ्यांची सराफ बाजारात गर्दी असते. टोचायला हरकत नाही. पण गनने टोचलं की कूर्चा चेपते आणि तडकते. निर्जंतुक पोकळ सुई बरी. नंतर आठवडाभरात कान लाल, गरम, हात लावू न देण्याइतका दुखरा झाला, तर खालचा लोंबता भाग बघा. वरचा कान सुजलेला आणि खालचा भाग मात्र अगदी नेहमीसारखा, असं असेल तर तो पेरिकॉन्ड्रायटिस. संसर्ग कूर्चेच्या हद्दीपर्यंतच थांबलाय, असा त्याचा अर्थ. हा संसर्ग बहुतेकदा स्यूडोमोनास जंतूचा असतो आणि नेहमीच्या ॲमॉक्सिसिलिनला तो दाद देत नाही. हळद, तेल, मलम करत थांबलं की पू आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये साठतो, आवरण सुटतं, रक्तपुरवठा तुटतो आणि कूर्चा मरते. मग कानाचा आकार कायमचा जातो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं.

तालमीतल्या पैलवानांच्या कानाचंही गणित हेच. घासाघाशीत आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मध्ये रक्त साठतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते काढून, आवरण पुन्हा चिकटून बसेल असं दाबून टाका-पट्टी केली तर कान वाचतो. नुसती सुई घालून रक्त ओढलं आणि दाब दिला नाही, तर रात्रीत परत भरतं. आठवडा-दहा दिवस गेले की आवरणातल्या पेशी त्या रक्ताच्या गाठीत नवी, वेडीवाकडी कूर्चा घालू लागतात. इथे कूर्चा ‘वाढली’ हेच दुखणं. नाकाच्या पडद्यावर असाच रक्ताचा फुगा आला तर घाई आणखी जास्त, तीन-चार दिवसांत पडद्याची कूर्चा विरघळून नाक बसू शकतं. चेंडू लागून मुलाच्या दोन्ही नाकपुड्या आतून बंद झाल्या, तर सर्दी समजू नये.

फायब्रोकार्टिलेजचं थोडक्यात सांगतो. मणक्यांमधल्या चकतीच्या बाहेरच्या कड्यात १५ ते २५ पापुद्रे असतात, एकाचे तंतू उजवीकडे तिरपे तर पुढच्याचे डावीकडे. वाकून वळलं की एका दिशेचे तंतू ताणतात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात, म्हणून वाकून, वळून गोण उचलणं वाईट. मेनिस्कसला फक्त बाहेरच्या कडेने, रुंदीच्या साधारण १० ते २५ टक्क्यांत, रक्त मिळतं. फाटलेला भाग त्या कडेत असेल तर टाके घालून जुळतो; आतल्या पातळ कडेचा सहसा जुळत नाही. प्यूबिक सिंफिसिस (कटीच्या हाडांचा पुढचा सांधा), जबड्याच्या सांध्यातली चकती, खांद्याच्या आणि खुब्याच्या खोबणीची कड ही बाकीची नावं.

आता वाढ. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास मेसेन्काइम पेशी (गर्भातल्या मूळ संयोजी पेशी) दाटीने एकत्र येतात, सॉक्स-९ हे जनुक कामाला लागतं आणि कूर्चेचे साचे उभे राहतात. हातापायांची लांब हाडं आधी अशी कूर्चेचीच असतात. मग साच्याच्या मध्यात पेशी फुगतात, मॅट्रिक्स चुनखडतं, रक्तवाहिन्या घुसतात आणि हाड घातलं जातं. टोकांतली हाड तयार होण्याची केंद्रं बहुतेक जन्मानंतर उगवतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं केंद्र तेवढं गर्भाच्या नवव्या महिन्यातच दिसतं, त्यामुळे बाळ पूर्ण दिवसांचं होतं का, हे ठरवायला न्यायवैद्यकात त्याचा उपयोग करतात.

कूर्चा दोन तऱ्हांनी वाढते. आतून, म्हणजे लॅक्युनातल्या पेशी विभागून मॅट्रिक्स घालतात; ही इंटरस्टिशियल वाढ. बाहेरून, म्हणजे आवरणातल्या पेशी थरावर थर चढवतात, ही अपोझिशनल. हाड आतून फुगू शकत नाही, कारण ते कडक आहे. म्हणून लांबी वाढवायचं काम कूर्चेच्या पट्टीकडे, ग्रोथ प्लेटकडे, राखून ठेवलेलं आहे. तिच्यात वरून खाली बघितलं तर आधी राखीव पेशी, मग नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या विभागणाऱ्या पेशी, मग आकारमान पाच ते दहा पट वाढलेल्या फुगीर पेशी आणि शेवटी चुनखडलेला पट्टा. लांबी मुख्यतः त्या फुगण्यातून मिळते. फुगीर पेशी टाइप १० कोलॅजन तयार करतात, हे तोंडी परीक्षेत आवडीने विचारतात. अकॉन्ड्रोप्लेशिया या जन्मजात बुटकेपणात एफजीएफआर-३ या ग्राहीतला (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनातला) बिघाड पेशींच्या विभागणीला आणि फुगण्याला सतत लगाम घालतो, म्हणून हातपाय आखूड राहतात. मुडदुसात फॉस्फेट कमी पडल्याने फुगीर पेशी वेळेवर मरत नाहीत, पट्टी जाड आणि वेडीवाकडी होते, आणि मनगटाच्या एक्स-रेत हाडाचं टोक बशीसारखं खोलगट, कडा विस्कटलेल्या दिसतात.

पट्टी बंद करण्याचं काम मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकच करतं. ज्याची इस्ट्रोजेन ग्राही निकामी होती अशा एका प्रौढ पुरुषाची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याच्या पट्ट्या उघड्या होत्या आणि उंची वाढतच होती. एकदा पट्टी मिटली की लटकून, पावडर खाऊन किंवा तेल चोळून उंची वाढत नाही.

तुमच्या भावाकडे येतो. ग्रोथ प्लेट बहुतेकदा फुगीर पेशींच्या थरातून तुटते, कारण तिथे पेशी मोठ्या आणि मॅट्रिक्स कमी. राखीव पेशींचा थर वाचला तर वाढ चालू राहते. सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली केलेले पाच प्रकार अजून वापरतात: पहिल्या दोनांत सांध्याचा पृष्ठभाग शाबूत, तिसऱ्या-चौथ्यात भेग सांध्यापर्यंत, पाचव्यात पट्टी चेचलेली. अहवालात प्रकार लिहिला आहे का बघा. मनगटात पहिले दोन प्रकार सहसा निभावून जातात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची पट्टी मात्र लाटांसारखी वर-खाली असते. तुटताना त्या लाटा एकमेकींवर घासतात, म्हणून इथे दुसऱ्या प्रकारातही वाढ थांबायचा धोका बराच असतो. ही पट्टी वर्षाला ९ ते १० मिमी लांबी देते आणि मुलग्यांत साधारण सोळाव्या वर्षापर्यंत चालते. म्हणजे बाराव्या वर्षी ती पूर्ण बंद पडली तर पाय जवळपास ४ सेंमी आखूड राहील. अर्धीच बंद पडली तर पाय वाकडा होतो, आणि तो जास्त त्रासाचा. हाडवैद्याकडे नेऊन चोळून किंवा ओढून घेऊ नका; आठवड्यानंतर जोर लावून बसवायला गेलं की उरलीसुरली पट्टीही फाटते. हाड जुळलं म्हणून फाइल बंद करू नका. दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे काढून तुलना करायची, निदान दोन वर्षं. हाडात पट्टीला समांतर आडवी पांढरी रेघ दिसली आणि ती पट्टीपासून सगळीकडे सारखी दूर सरकत गेली, तर वाढ चालू आहे. रेघ तिरपी होऊन एका बाजूला पट्टीला जाऊन मिळाली तर तिथे हाडाचा पूल बांधला गेलाय, लहान मुलांच्या अस्थिरोग तज्ज्ञांकडे लगेच जा.

आणि आईचा गुडघा. सांध्यातल्या कूर्चेची वाढ ग्रोथ प्लेट मिटते त्या वयातच संपते. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ खूप वाढला होता. त्याच्या आधारे गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजनचं वय मोजलं गेलं आणि २०१६ साली निष्कर्ष आला की प्रौढपणी हे कोलॅजन जवळजवळ बदललंच जात नाही, निरोगी सांध्यातही नाही आणि झिजलेल्यातही नाही. आवरण नाही, रक्त नाही, पेशी मोजक्या. वरवरची चीर तशीच राहते. चीर हाडापर्यंत गेली तर मज्जेतल्या पेशी वर येऊन खड्डा भरतात, पण फायब्रोकार्टिलेजने, आणि ते काही वर्षांत विरतं. मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रियेत हाडाला ३-४ मिमी अंतरावर भोकं पाडून मुद्दाम हेच घडवतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्याची पद्धत स्वीडनमध्ये निघाली, १९९४ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही तरुणांच्या, एका जागच्या, कडा धड असलेल्या खड्ड्यासाठी. सगळीकडे झिजलेल्या गुडघ्यावर त्या चालत नाहीत, आणि तसं कुणी विकत असेल तर दुसरं मत घ्या.

‘गॅप’ म्हणजे नेमकं काय ते बघा. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दिसतं ते दोन हाडांतलं अंतर, त्यात कूर्चाही आली आणि मेनिस्कसही. एक्स-रे झोपवून काढला असेल तर त्या अंतराला फारसा अर्थ नाही, उभं राहून, वजन टाकून काढलेलाच धरा. शिवाय कूर्चेला मज्जातंतू नाहीत, दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतीचा भाग. म्हणून गॅप खूप कमी असून मजेत चालणारी माणसं असतात आणि उलटही.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांवर १५८३ रुग्णांची मोठी अमेरिकन चाचणी २००६ साली आली. एकूण रुग्णांत बनावट गोळीपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. ज्याला ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतात त्या हायलुरोनिक आम्लानेही कूर्चा उगवत नाही. स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन सुजेला उतार देतं. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन बघितल्यावर, २०१७ च्या अभ्यासात, सलाइन दिलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक पडला नाही. गोळ्यांचे पैसे वाचवून ते चांगल्या बुटांवर घालवलेले परवडतील, असं माझं मत.

उपयोग होतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूचा आणि वजनाचा. पाय सरळ ठेवून टाच वीतभर उचलून दहा आकडे मोजायचे, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरात जमलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. किलोभर वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने कमी होतो. कांदे निवडायला, खुरपायला तासन्‌तास उकिडवं बसणं बंद. निवडायचं काम टेबलावर किंवा उंच स्टुलावर बसून करता येतं. वणीला गडावर जायचं असेल तर ट्रॉलीने जा. जिथे पायऱ्या टाळता येत नाहीत तिथे चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर संख्या निम्मी करा, व्यायाम सोडू नका. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, एका रात्रीत टम्म सुजला असेल किंवा सुजेबरोबर ताप असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा.